टायरवर किती खर्च? आधी तारीख बघा

गाडीचे टायर बदलताना किती खर्च करावा, यावर ‘चारही बदला आणि महागातलेच घ्या’ असा एक सल्ला वाचला, तो अर्धाच पटला. गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच फिरत असेल, तर नक्षी झिजायच्या आधी रबर कडक होऊन बगलेला बारीक भेगा पडतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीचं तर विचारूच नका. जास्त किलोमीटर टिकणाऱ्या टायरचे जादा पैसे मग वसूल होणार कधी?

भाव करण्याआधी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बगलेवर, ‘DOT’ अक्षरांपुढे छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते त्यातून कळतं: २२२४ म्हणजे २०२४ चा २२ वा आठवडा. पुष्कळदा ते एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली की दिसत नाहीत, म्हणून रिमवर चढवण्याआधीच बघायचे. टेम्परेचर ग्रेड (टायर उष्णता किती सोसतो त्याची श्रेणी, ए सगळ्यात वरची) छापलेला असेल तर सी सोडून ए किंवा बी घ्या, धुळ्याच्या हायवेवर उन्हात वेगाने जाताना तिथे घातलेले पैसे कामी येतात. दोनच बदलणार असाल तर नवे मागे टाका, गाडी पुढून ओढणारी असली तरी. पावसात मागची पकड सुटली की सावरणं अवघड. ट्यूबलेसचे व्हॉल्व्ह मात्र नवेच, तिथे काटकसर नको.