पारदर्शक क्लिप कापून एक्सपोर्ट केली की मागे काळं येतं. अल्फा (पारदर्शकतेची माहिती) नेमका कुठे गळतो?

पट्टीवाला

नावांच्या हलत्या पट्ट्या आणि लोगोचं एक अ‍ॅनिमेशन अशा क्लिप्स आहेत. काही एमओव्ही, काही वेबएम. सगळ्यांची पार्श्वभूमी पारदर्शक आहे. काम साधं आहे: मागचा-पुढचा भाग छाटायचा, दोन पट्ट्या सलग जोडायच्या, ३८४०×२१६० वरून १९२०×१०८० करायचं आणि पारदर्शकता कायम ठेवून फाइल पुढच्या एडिटरकडे द्यायची.

एमपी४ काढली तर मागे काळं. एमओव्ही निवडली तरी काळंच. वेबएम ब्राउझरमध्ये नीट पारदर्शक दिसते, पण टाइमलाइनवर टाकल्याबरोबर काळी होते. एक एमओव्ही कशीबशी पारदर्शक निघाली, तर तिच्यातल्या पांढऱ्या अक्षरांभोवती मळकट करडी कड आहे. सेटिंग कुठलं चुकतंय?

---

रेंडररांग

यात तीन वेगळ्या अडचणी एकत्र झाल्या आहेत. आधी एक्सपोर्टचं बघू.

एमओव्ही हे नुसतं वेष्टन आहे. पारदर्शकता राहणार की जाणार हे आतला कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) ठरवतो. एमओव्ही निवडून आत एच.२६४ किंवा प्रोरेस ४२२ ठेवलं असेल तर अल्फाला जागाच नाही. ४२२ एचक्यू घेऊनही काही फरक पडत नाही, तिथे फक्त बिटरेट वाढतो. अल्फा हवा असेल तर यातलं काहीतरी घ्या:

प्रोरेस ४४४४: बहुतेक कामांना हेच. अल्फा १६ बिटपर्यंत, आणि तो कुठलीही हानी न होता साठवला जातो.
डीएनएक्सएचआर ४४४ किंवा सिनेफॉर्म आरजीबी: जिथे प्रोरेस लिहिता येत नाही तिथे.
क्विकटाइम अ‍ॅनिमेशन: जुना, ८ बिट. सपाट रंगांच्या पट्ट्यांना अजूनही चालतो, ग्रेडियंट किंवा फोटो आला की फाइल फुगते.
पीएनजी सिक्वेन्स: प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल. कुठेही उघडते.

कोडेक बरोबर निवडला तरी अल्फा वेगळा मागावा लागतो. रिझॉल्व्ह या एडिटरमध्ये डिलिव्हर पेजवर ‘एक्सपोर्ट अल्फा’ ही टिक चालेल असा कोडेक निवडल्यावरच दिसते. ती दिसत नसेल तर कोडेक चुकला. प्रीमियरमध्ये क्विकटाइम आणि ‘प्रोरेस ४४४४ विथ अल्फा’ हा प्रीसेट घ्या, आणि डेप्थमध्ये ‘+ अल्फा’ लिहिलेला पर्याय आहे ना ते बघा. आफ्टर इफेक्ट्समध्ये आउटपुट मोड्यूलमधलं चॅनल्स मुळात नुसतं ‘आरजीबी’ असतं. ते ‘आरजीबी + अल्फा’ करा. डेप्थ ‘मिलियन्स ऑफ कलर्स+’ हवी. त्या शेवटच्या अधिकच्या खुणेतच अल्फा आहे.

आणि टाइमलाइनवर पट्ट्यांच्या खालच्या ट्रॅकवर काही ठेवू नका. तपासायला म्हणून टाकलेला सॉलिड (एकाच रंगाची सपाट क्लिप) तिथेच राहिला तर अख्खी फ्रेम अपारदर्शक होऊन बाहेर पडते, आणि मग माणूस कोडेक बदलत बसतो.

---

फ्रेमपंचवीस

एवढा खटाटोप कशाला? मागे हिरवा सॉलिड टाका, एमपी४ काढा, पुढचा माणूस क्रोमा की लावून हिरवा गाळेल.

---

रेंडररांग

@फ्रेमपंचवीस फोनवरच्या ज्या अ‍ॅपमधून एमपी४ शिवाय काहीच निघत नाही तिथे हा शेवटचा उपाय आहे. अल्फा हातात असताना कशाला? पट्टीची सावली, चकाकी, हळूच विरत जाणारी कड, या सगळ्या अर्धपारदर्शक जागा हिरव्यात मिसळतात. की लावल्यावर त्या एकतर गायब होतात, नाहीतर हिरवट झाक घेऊन राहतात. भरीला एमपी४ मध्ये ४:२:० मुळे रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी झालेली असते, त्यामुळे बारीक अक्षरांची कड करवतीसारखी कापली जाते.

---

मॅटवाली

करड्या कडेचं उत्तर देते. अल्फा दोन रीतींनी साठवतात. स्ट्रेटमध्ये रंग मूळचाच राहतो आणि पारदर्शकता वेगळी. प्रीमल्टिप्लाइडमध्ये रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवलेलं असतं. कड मळते ती फाइल एका रीतीची आणि सॉफ्टवेअरची समजूत दुसऱ्या रीतीची असली की.

आकड्यांत बघा. पांढऱ्या अक्षराच्या कडेचा एक पिक्सेल, अल्फा ५० टक्के. स्ट्रेट फाइलमध्ये त्याचा रंग २५५, प्रीमल्टिप्लाइडमध्ये १२८. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो ठेवला तर उत्तर २५५ यायला हवं. प्रीमल्टिप्लाइड फाइल स्ट्रेट समजून वाचली तर १२८ ला पुन्हा निम्म्याने गुणलं जातं: ६४, अधिक पार्श्वभूमीचे १२७, म्हणजे १९१. हीच तुमची करडी कड. उलट चूक झाली, म्हणजे स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड समजली, तर काळ्या पार्श्वभूमीवर १२८ च्या जागी २५५ येतो आणि कड पांढरी, दातेरी दिसते.

उपाय वाचण्याच्या बाजूला करायचा, फाइल पुन्हा रेंडर करायची गरज नाही. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट-क्लिक, क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स, तिथे अल्फा मोड. आफ्टर इफेक्ट्समध्ये इंटरप्रिट फुटेज, तिथे ‘स्ट्रेट’ किंवा ‘प्रीमल्टिप्लाइड’ आणि सोबत मॅटचा रंग, म्हणजे कड ज्या रंगात मिसळली आहे तो. काळ्याऐवजी पांढऱ्या रंगावर मॅट केलेली फाइल असेल तर तो रंगही सांगावा लागतो. ‘गेस’ बटणावर विसंबू नका, ते खरोखरच अंदाज करतं.

पीएनजीबाबत संशय नको: त्या फॉरमॅटच्या नियमानुसार ती स्ट्रेटच असते. ओपनईएक्सआर या चित्रफाइलींचा रिवाज प्रीमल्टिप्लाइडचा. एमओव्हीचं मात्र काही सांगता येत नाही, म्हणून फाइल पुढे देताना नावातच ‘स्ट्रेट’ किंवा ‘प्रीमल्ट’ लिहा.

तपासणी काळ्या पार्श्वभूमीवर करू नका, करडी कड तिथे लपते. पांढरा, मधला करडा आणि भडक लाल असे तीन सॉलिड खाली ठेवून बघा, आणि एक्सपोर्टच्या आधी काढून टाका.

---

कोडेकपुराण

वेबएमची गंमत वेगळी आहे. तिच्या आतल्या व्हीपी९ कोडेकमध्ये अल्फा मुख्य चित्राच्या प्रवाहात नसतोच. तो दुसरा व्हिडिओ म्हणून एन्कोड होऊन प्रत्येक फ्रेमच्या जोडीला ठेवलेला असतो. क्रोम आणि फायरफॉक्स तो वाचतात. बरेचसे एडिटर फक्त मुख्य चित्र उचलतात, आणि मागे काळं.

एफएफएमपेग (कमांड देऊन व्हिडिओ बदलायचं साधन) याचा अंगभूत व्हीपी९ डिकोडरही अल्फाकडे दुर्लक्ष करतो. इथे पुष्कळ जण अडकतात, कारण कमांड कुठलीही तक्रार न करता पूर्ण होते आणि प्रोरेस ४४४४ फाइल तयारही होते, फक्त तिच्यात पारदर्शक काही नसतं. डिकोडर म्हणून लिबव्हीपीएक्स-व्हीपी९ हे नाव इनपुट फाइलच्या आधी द्यायचं. आधी म्हणजे आधीच. नंतर दिलं तर तो एन्कोडर समजला जातो. पुढे एन्कोडर प्रोरेस-केएस, प्रोफाइल ४४४४, पिक्सेल फॉरमॅट युव्हीए४४४पी१०एलई. हा पिक्सेल फॉरमॅट वगळू नका.

मूळ फाइलमध्ये अल्फा आहे का हे एफएफएमपेगसोबतच्या एफएफप्रोबने बघा. पिक्सेल फॉरमॅटच्या नावात ‘ए’ हवा: युव्हीए, आरजीबीए, एआरजीबी, जीबीआरएपी. युव्ही४२०पी असेल तर नाही. अपवाद हाच व्हीपी९: तिथे युव्ही४२०पी दिसलं तरी टॅगमध्ये ‘अल्फा मोड १’ असेल तर अल्फा आहे.

चॅनल असणं आणि त्यात काही असणं यातही फरक आहे. अल्फाएक्स्ट्रॅक्ट फिल्टर लावून नुसता अल्फा करड्या चित्रासारखा बाहेर काढा. सगळं पांढरं निघालं तर पारदर्शकता आधीच कुठेतरी गेली आहे. प्लेअरवर मात्र निकाल देऊ नका. धडधाकट अल्फा असलेली फाइलही बहुतेक प्लेअर काळ्यावरच दाखवतात.

---

पट्टीवाला

खूप उपयोग झाला. वेबएमचा अल्फा आता येतोय. रिझॉल्व्हमध्ये अल्फा मोड बदलल्यावर त्या एमओव्हीची कडही गेली. पण एफएफएमपेगनेच १९२०×१०८० केलेल्या क्लिपमध्ये तीच करडी कड पुन्हा आली, आणि ती फाइल नक्की स्ट्रेट आहे. शिवाय फाइल्स प्रचंड होताहेत. आकार कमी करायला काही?

---

मॅटवाली

लक्षण तेच, रोग वेगळा. स्ट्रेट फाइलमध्ये पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतोच, बहुतेकदा काळा. एफएफएमपेगचा स्केल फिल्टर रंग आणि अल्फा सुटे-सुटे लहान करतो. शेजारचा पांढरा अपारदर्शक आणि काळा पारदर्शक पिक्सेल मिसळले की रंग १२७, अल्फा ५० टक्के. स्ट्रेट म्हणून वाचताना तो करडाच दिसणार.

क्रम असा ठेवा: आधी प्रीमल्टिप्लाय, मग स्केल, मग अनप्रीमल्टिप्लाय. दोन्ही फिल्टरना ‘इनप्लेस’ १ द्या, नाहीतर ते दुसरा इनपुट मागतात. त्याआधी फॉरमॅट जीबीआरएपी१६ करून घ्या. ८ बिटमध्ये गुणून पुन्हा भागलं तर चकाकीच्या अगदी विरळ भागात पायऱ्या दिसतात. ब्लर लावतानाही हाच क्रम.

हेच काम एडिटरमध्ये केलं, अल्फा मोड बरोबर असला, तर हा प्रश्न सहसा येत नाही.

---

कोडेकपुराण

आकाराबद्दल. प्रोरेस ४४४४ चा १९२०×१०८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम्सना ठरवलेला दर सुमारे ३३० मेगाबिट प्रति सेकंद, अल्फा सोडून. म्हणजे सेकंदाला ४१ मेगाबाइट, दहा सेकंदांना ४०० च्या वर. पण हा दर गजबजलेल्या चित्राचा. फ्रेमचा बराच भाग रिकामा असेल तर फाइल बरीच लहान येते. स्ट्रेट काढताना रिकाम्या जागेत कचरा रंग राहिला असेल तर मात्र तोही साठवला जातो.

मधल्या टप्प्याच्या फाइलवर काटकसर करू नये असं माझं मत. छाटणीही प्रोरेसमध्ये सोपी: प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे पुन्हा एन्कोड न करता नुसत्या ‘कॉपी’ने हव्या त्या फ्रेमवर कापता येते. व्हीपी९ मध्ये तसा काप कीफ्रेमवरच, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या स्वतंत्र फ्रेमवरच बसतो.

तरीही लहान हवंच असेल तर दोन एमपी४ करा: एकीत रंग, दुसरीत अल्फाएक्स्ट्रॅक्टने काढलेला करडा मॅट. प्रीमियरमध्ये मॅट वरच्या ट्रॅकवर ठेवून रंगाच्या क्लिपला ट्रॅक मॅट की लावा आणि ‘मॅट लुमा’ निवडा. रंगाची फाइल स्ट्रेटच हवी. मॅटची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पातळी १६–२३५ की ०–२५५ यात घोळ झाला तर रिकाम्या जागेत पुसट धुरकटपणा राहतो किंवा पट्टी किंचित आरपार दिसते. दोन्ही फाइल्सची छाटणी एका फ्रेमनेही चुकता कामा नये.

पीएनजी सिक्वेन्स देणार असाल तर फ्रेम रेट लिहून द्या, तो फाइल्समध्ये नसतो. ७५ फ्रेम्स २५ ने तीन सेकंद होतात, ३० ने अडीच. जीआयएफच्या वाटेला जाऊ नका: पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो, नाहीतर अजिबात नाही, आणि रंग २५६.

---

रेंडररांग

एक राहिलं. पुढचा एडिटर या पट्ट्या दुसऱ्या व्हिडिओवर ठेवून अंतिम फाइल काढणार असेल, तर त्या फाइलला अल्फा लागत नाही, ती बिनधास्त एच.२६४ मध्ये जाऊ दे. वेबपानावर पारदर्शकच चालवायची असेल तर मात्र दोन फाइल्स लागतील: क्रोम आणि फायरफॉक्सला व्हीपी९ वेबएम, सफारीला अल्फासह एचईव्हीसी, जे अ‍ॅपलने २०१९ मध्ये आणलं. सफारी वेबएम चालवते पण तिचा अल्फा दाखवत नाही, म्हणून पानाच्या कोडमध्ये एचईव्हीसीचा स्रोत वर ठेवा. क्रोमने तोच उचलून काळं दाखवलं, तर त्या स्रोताचा प्रकार ‘व्हिडिओ/क्विकटाइम’ असा द्या. तो प्रकार क्रोम नाकारतो आणि खालच्या वेबएमकडे जातो.