आपली अडचण, दुसऱ्याचा स्वभाव: तुमचे अनुभव लिहा

आज नागपूरच्या व्हेरायटी चौकात एक पोरगा सिग्नल तोडून सुसाट गेला. सगळे म्हणाले, शिस्तच नाही या पोरांना. आमचा ऑटोवाला तेवढा म्हणाला, "मेडिकलले जाऊन राहिला असन बाप्पा."

एकदम महालातल्या शाळेच्या बाई आठवल्या. वर्गातली एक मुलगी रोज उशिरा यायची, आळशी म्हणून नाव पडलं होतं. बाईंनी जवळ बसवून विचारलं, तर शाळेच्याच वेळेला नळ येत होता आणि पाण्याचे गुंड भरल्याशिवाय तिला निघता येत नव्हतं. आपल्याला उशीर झाला की बस चुकलेली असते, दुसऱ्याला झाला की तो आळशी! दुसऱ्याची अडचण न पाहता त्याच्या स्वभावाला दोष देण्याच्या चुकीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिलं, 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर'. बाईंना ती न वाचताच कळली होती. तुम्हीही लिहा.

धंतोलीची सून
नणंद माहेरी येऊन झोपली की "थकते बिचारी". मी दुपारी आडवी झाले की "अंगात आळस". थांबा, कुकर झाला.

विदर्भपुत्र
कॉलेजात वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी निघाली, वेगळ्या विदर्भाच्या विरोधात बोललो. बक्षीसही मिळालं. मामा अजून म्हणतात, तू तर विरोधातलाच! १९६७ चा जोन्स आणि हॅरिसचा प्रयोग असाच आहे. क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूचे निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती हे सांगूनही वाचणाऱ्यांना ते त्याचंच मत वाटलं.

ऑरेंजसिटी
मामांना तर्री पोहे खाऊ घाला भाऊ, मतपरिवर्तन होईल 😀 कस्तुरचंद पार्काजवळ मिळतात ना अजून?

बर्डीवाली
मी साड्यांच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक म्हणते, पोरगी तोंड वाकडं करून दाखवते. सकाळपासून उभी असते हो मी. बसाले स्टूल नाही, पाय सुजून चपलेचा पट्टा रुतते. डबा उघडला की नेमकं कोणीतरी येते, मग ढीगभर साड्या उलगडा, घड्या घाला. एका काकूंनी मात्र विचारलं, "जेवली का गं?" त्यांच्यासाठी वरच्या फळीवरचाही माल काढला.

धंतोलीची सून
वाचून जीव कळवळला गं. मालकाला स्टूल मागितला का?

बर्डीवाली
मागितला. दिवाळीनंतर पाहू म्हणे. पोहे मिळतात हो तिथं, सकाळीच जा.