मदत हवी आहे: पारदर्शक ॲक्रिलिकची इलेक्ट्रिक गिटार. शीट चिकटवू की बोल्टने आवळू?

तारेवरचा

नमस्कार मंडळी,

घरात एक जुनी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे. नेक (दांडा) मेपलचा, सरळ, फ्रेटही चांगले. बॉडी मात्र प्लायची, आणि कोल्हापूरच्या पावसाने तिचे थर नेकच्या खाचेपाशी सुटून फुगलेत. नवी लाकडी बॉडी करून घेणं सोपं आहे हे मान्य, पण मला आरपार दिसणारी ॲक्रिलिकचीच हवी आहे. तेव्हा 'लाकडाची घ्या' हा सल्ला कृपया राखून ठेवा.

कल्पना अर्थातच माझी नाही. डॅन आर्मस्ट्राँगने ॲम्पेग कंपनीसाठी अशी गिटार आखली, १९६९ साली ती बाजारात आली आणि त्याच वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात कीथ रिचर्ड्सच्या गळ्यात दिसली. पिकअप (तारेचं कंपन टिपणारे भाग) सरकवून बदलता यायचे, हे तर अजूनही भारी वाटतं. दोन-तीन वर्षांतच ती बंद पडली. जड असल्याची ख्याती मात्र आजही आहे, आणि माझी पहिली अडचण तीच.

बॉडीचा आकार आलेखाच्या कागदावर काढून चौकोन मोजले. क्षेत्रफळ साधारण १००० चौ. सेंमी. भरलं. मूळ जाडी ४५ मिमी. ॲक्रिलिकची घनता १.१९, म्हणजे भरीव बॉडीच ५.३५ किलोची. खाचा वजा करून आणि नेक, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), खुंट्या धरून सहा किलोच्या आसपास जाते. साधी लाकडी गिटार साडेतीन किलोच्या आगेमागे असते. गणपतीतले कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात, माझा खांदा एवढा पैलवानी नाही.

म्हणून १० मिमीच्या तीन शीट, एकूण ३० मिमी असा बेत आहे. म्हणजे भरीव बॉडी ३.६ किलोवर येते. ट्रेमोलोचा (सूर हलवणाऱ्या दांडीचा) ठोकळा एवढ्या जाडीत मावत नाही, त्यामुळे ब्रिज स्थिर बसवणार.

मित्राचं शिरोली एमआयडीसीत शॉप आहे, व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) रिकामं असेल तेव्हा वापरू देतो. पण त्याने आजवर बीड आणि ॲल्युमिनियम सोडून काही कापलेलं नाही. पाटी बनवणारे एक काका म्हणतात, तिन्ही शीट क्लोरोफॉर्मने चिकटवून देतो, एकसंध दिसेल. दुसरे म्हणतात, मध्ये बुडबुडे राहणारच. कोणाचं ऐकू? तारांचा ताण (१०-४६ जाडीच्या तारांच्या संचाला सगळ्या मिळून ४५-४७ किलो) ॲक्रिलिक कायम सोसेल का, की नेकच्या खाचेत चिरा जातील? आणि आतून तांब्याची पट्टी लावली तर ती दिसणार, मग ॲम्पमधून येणारी विजेची गुणगुण कशी थांबवायची?

बफवाला

दोन्ही पाटीवाले आपापल्या परीने बरोबर आहेत. पहिले काका रोज कडा चिकटवतात, आणि कडेला क्लोरोफॉर्मसारखं दुसरं काही नाही. तो गोंद नव्हेच. दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळतात, द्रव उडून गेला की एकजीव होतात. सुईने सोडला की फटीत आपोआप ओढला जातो. सहा-आठ मिमीची कड असेल तर झकास. तुमच्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर मात्र तो मध्यापर्यंत पोचायच्या आत कडेला सुकतो, वाफ आत अडकते, बुडबुडे राहतात. एकदा बसलं की सोडवता येत नाही, सगळी शीट वाया. वाफ अंगाला वाईट ती वेगळीच. बंद खोलीत हे काम करूच नये.

त्यात कडा लेझरने कापल्या असतील तर तिथे ताण शिल्लक असतो. अशा कडेला क्लोरोफॉर्म, थिनर, स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लागलं की केसासारख्या चिरांचं जाळं उमटतं. कधी लगेच, कधी आठवड्याने. गॅसच्या ज्योतीने चमकवलेल्या कडेचंही तेच. ८० अंशांवर काही तास ठेवून अगदी सावकाश गार केलं तर ताण उतरतो, पण घरच्या ओव्हनच्या काट्यावर विसंबू नका. १०५ च्या सुमारास ॲक्रिलिक मऊ पडतं, बॉडीचा पापड होईल.

माझं मत स्पष्ट आहे: चिकटवू नका. एम४ चे स्टेनलेस एलन बोल्ट, कडेपासून १२-१५ मिमी आत, आरपार, मागे वॉशर आणि डोम नट. भोक साडेचारचं ठेवा, बोल्ट त्यात सैल हवा. तिरप्या डोक्याचा काउंटरचा स्क्रू नको, तो पाचरीचं काम करतो आणि शीट फोडतो. हाताने आवळा आणि थांबा. ड्रायव्हर मशीन लांब ठेवा.

याचा तोटाही आहे. ॲक्रिलिकचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. एकसंध ठोकळ्याला असे दोनच, तुमच्या तीन सुट्या शीटना सहा. म्हणजे समोरून बघताना वीसेक टक्के प्रकाश गेला, आणि जिथे शीट घट्ट टेकतात तिथे इंद्रधनुषी वलयंही दिसतील. मला ती आवडतात. तुम्हाला नको असतील तर थरांमध्ये बोल्टपाशी अर्ध्या मिमीचे पारदर्शक वॉशर घाला.

आणि शीट कास्टच (साच्यात ओतलेली) मागा. एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) स्वस्त पडते, पण कटरवर वितळून गुंडाळते.

उगाचच

एक भाबडी शंका. एवढा खटाटोप करून आवाज लाकडापेक्षा बरा येणार आहे का?

तारेवरचा

दिसायला बरी येणार आहे. आवाजाचं म्हणाल तर पिकअप तारेचं कंपन टिपतो, बॉडी कशाची यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. ते भांडण इथे नको, धागा भरकटेल.

@बफवाला, मनापासून आभार. चिकटवणं रद्द.

टूलरूम

भावा, १०+१०+१० का? स्ट्रॅटच्या नेकची खाच १६ मिमी खोल असते. तुझ्या हिशोबात ती दुसऱ्या शीटच्या मध्येच कुठेतरी संपते, म्हणजे खोली मोजून पॉकेट (आरपार न जाणारी खाच) मारणं आलं आणि तळावर कटरच्या रेघा आल्या. त्या पारदर्शक वस्तूत लपत नाहीत. त्यापेक्षा ८+८+१२ घे. वरच्या दोन शीटना खाच आरपार कापायची, तिसरी शीट तळ. तळाला मूळची चकाकी राहते, खोली आपोआप १६ येते, आणि एकूण २८ मिमीत वजनही थोडं उतरतं. मधली शीट खांद्याकडच्या भागात पोकळ कापलीस तर आणखी उतरेल. नेक आणि ब्रिजच्या मधला पट्टा मात्र भरीव ठेव, ताण तिथूनच जातो.

तुझ्या चिरांच्या धास्तीला उत्तर आतल्या कोपऱ्यात आहे. काटकोनी कोपरा ठेवलास तर चीर तिथूनच सुरू होणार. निदान ३ मिमीची गोलाई दे. नेक ठोकून बसवायचा नाही, हाताने सरकला पाहिजे.

व्हीएमसीवर कूलंट बंद ठेव, कंप्रेसरची हवा पुरे. सिंगल फ्लूटचा (एकाच धारेचा), प्लास्टिकसाठीचा कटर घे. बारीक पूड पडत असेल तर फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी आहे, सोललेली चिप पडली पाहिजे. साधा ड्रिल ॲक्रिलिकमध्ये एकदम घुसतो आणि पलीकडून टवका काढतो, म्हणून त्याची धार थोडी बोथट कर आणि खाली लाकडी फळी दाबून धर.

आता महत्त्वाचं. जुने नेकचे स्क्रू वापरू नकोस! ते ४५ मिमीचे असतात, ४५ मिमीच्या बॉडीसाठी. तुझ्या खाचेखाली फक्त १२ मिमी उरतात आणि मागची पत्री दोनेक मिमी. म्हणजे ३१ मिमी स्क्रू नेकमध्ये जाणार, आणि नेकचा तो भाग जेमतेम २५ मिमी जाड. फिंगरबोर्ड फोडून बाहेर येतील. ३० मिमीचे घे.

सोल्डरगंध

गुणगुणीबद्दल. पट्टी लपवायच्या भानगडीत पडू नका, सिंगल कॉइल पिकअपच काढा. हंबकर (दोन कॉइलचे, गुणगुण मारणारे पिकअप) लावा, धातूच्या कव्हरचे. कव्हर अर्थला जोडलेलं असलं की निम्मं काम झालं. आतल्या सगळ्या तारा जाळीच्या वेष्टनाच्या घ्या आणि नीट वळवून बसवा, कारण या गिटारीत वायरिंगही नटूनथटूनच बसलं पाहिजे. ब्रिजला अर्थची तार विसरू नका. लाकडात ती लपते, इथे दिसेल. तांब्याची सरळ सळई वापरली तर छानच दिसेल.

पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग) ८ मिमीच्या शीटवर बसत नाहीत, त्यांचे आटे तेवढे लांब नसतात. वर ३ मिमीची वेगळी प्लेट करा, सगळं तिच्यावर बसवा, जॅकसुद्धा (ॲम्पची वायर खोचायची जागा). कडेला भोक पाडून जॅक घालायला गेलात तर ते दोन शीटच्या सांध्यावर येईल.

कुणीतरी एलईडी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. कडेतून प्रकाश सोडला तर बॉडी सुंदर उजळते. पण रंग बदलणारा कंट्रोलर लावू नका, त्याची चालू-बंद होणारी वीज पिकअपमध्ये घरघर करते. ९ व्होल्टची बॅटरी आणि एक रेझिस्टर पुरे. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या देवळापाशी हे सगळं एका फेरीत मिळतं.

तारेवरचा

८+८+१२ ठरलं. स्क्रूचं तर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. शेवटची शंका: स्टेजच्या दिव्यांखाली ॲक्रिलिक प्रसरण पावेल त्याचं काय?

टूलरूम

पावणारच. दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०७ मिमी, पोलादाच्या सहापट. तुझ्या नेकच्या सांध्यापासून ब्रिजपर्यंत २० सेंमी. धरले तर १० अंशांनी तापल्यावर ०.१४ मिमी वाढ. तारा स्वतःही थोड्या वाढतात, त्यामुळे सगळा फरक सुरात उतरत नाही, पण कानाला कळण्याइतका उतरतो. स्टेजवर चढून पंधरावीस मिनिटं झाली की पुन्हा सूर लाव. उन्हात गाडीत तर ठेवूच नकोस. बोल्टची भोकं सैल ठेवायला सांगितली ती याचसाठी.

बफवाला

वरच्या सगळ्याला +१. एक राहिलं. शीटवरचा कागद सगळं कापून, भोकं पाडून होईपर्यंत काढू नका. आतल्या बाजूचा कागद अगदी जुळवणीच्या वेळी सोला आणि पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने घासलं की ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि खोलीतली सगळी धूळ दोन शीटच्या मध्ये येऊन बसते. तीच वीज हिवाळ्यात शर्टाच्या घासण्यानेही साठते, मग ॲम्पमधून चटचट येते. आली तर बॉडीवरून ओलं फडकं फिरवा, वायरिंग उसकटू नका.

जुळवणीचे फोटो टाका.