गणपतीचे फोटो आणि ए-१०३ च्या आजी

सेक्रेटरी: गणपतीच्या फोटोंची लिंक वर पिन केली आहे. एकूण ४१२ फोटो. फोटोग्राफरचे उरलेले ६ हजार उद्या द्यायचे आहेत. तक्रार असेल तर आजच बोला.

बी-५०२: ४१२च? पाच दिवस तो माणूस नुसता खटाखट काढत होता. बाकीचे कुठे गेले? सगळे मागून घ्या, फुकट नाही काढलेले.

ए-३०४: काका, दोन हजारांच्या वर काढले होते. डोळे मिटलेले, कुणाची पाठ आलेले, तोंडात मोदक असलेले त्याने गाळले. तोंडात मोदकवाले तुमचे एकट्याचे ७ आहेत. हवेत का?

बी-५०२: प्रसाद होता तो.

सी-४०३: 😂😂

डी-१०२: माझी तक्रार आहे. लेकीच्या नाचाचे पहिले दहाबारा फोटो आडव्या काळ्या पट्ट्यांचे आलेत. पुढच्यांत तिचे हात धूसर. दोन महिने प्रॅक्टिस केली हो पोरींनी.

ए-३०४: ताई, ते माझ्या समोरच झालंय, सांगते. यंदा स्टेजवर आपण स्वस्तातले एलईडी लावले. ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. नाच गोठवायला त्याने शटर १/५०० सेकंदावर ठेवलं, तर पट्ट्या. १/१०० वर आणलं, पट्ट्या गेल्या, पण पोरी हलल्या. आदल्या दिवशीच तो म्हणाला होता, बाजूला दोन जुने पिवळे हॅलोजन लावा. मी खजिनदारांना निरोप दिला होता. पुढचं त्यांना विचारा.

खजिनदार: बजेट नव्हतं.

डी-१०२: आणि मिरवणुकीच्या डीजेला होतं?

सेक्रेटरी: विषय फोटोंचा आहे.

सी-१०४: मी म्हणतो फोटोग्राफर हवाच कशाला? हल्ली फोन इतके भारी आहेत.

ए-३०४: मागच्या वर्षी फोनवरच काढले होते ना दादा. ज्याने त्याने आपापल्या पोरांचे काढले. मागच्या रांगेत टाळ्या वाजवणारे आजी-आजोबा एकाही फोटोत नाहीत. शिवाय ग्रुपवर टाकले की व्हॉट्सॲप दाबून बारीक करतं. मी एकाची प्रिंट काढायला गेले तर चेहऱ्यावर नुसत्या चौकटी. यंदाचे लिंकवरूनच उतरवा, इथे पुन्हा टाकत बसू नका.

डी-१०२: ठीक. पण मुलांचे फोटो त्याने स्वतःच्या पेजवर टाकायचे नाहीत.

डी-२०१ (वकील): तसंही वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. थोडक्यात, बी-५०२ काकांचे मोदक आता सोसायटीच्या मालकीचे.

ए-३०४: मुलांचा एकही टाकणार नाहीये, मी बोलून घेतलंय. त्याने परवानगी एकाच फोटोची मागितली आहे. ए-१०३ च्या आजींच्या.

सी-४०३: तो ३८७ नंबरचा? तो मी झूम करकरून बघितला. ते बोट!

ए-३०४: हो तोच. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने ज्येष्ठांचे पोर्ट्रेट काढले ना, क्लबहाऊसच्या उत्तरेकडच्या खिडकीशी स्टूल टाकून. फ्लॅश नाही, काही नाही. दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला मखराचा जुना थर्माकोलचा तुकडा, बंदीच्या आधीचा, माळ्यावर पडला होता तो. तो माझ्या हातात. आजी आधी पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ. याने कॅमेरा खाली घेतला आणि चकलीच्या भाजणीचं काढलं. म्हणे, आमच्याकडे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या उडीद डाळ घालतात. आजी उसळल्या. "दोन हरभरा डाळ! उडीद एक! एकच!" ते बोट तेव्हाचं.

बी-५०२: एकच. बरोबर आहे.

ए-१०३ (सूनबाई): घरी आल्यावर मला म्हणाल्या, त्या मुलाच्या आईला भाजणी शिकवायला पाहिजे 😄 लग्नानंतर स्टुडिओत काढला तेवढाच त्यांचा एक नीट फोटो होता. त्यानंतर थेट आधार कार्ड.

सेक्रेटरी: पेजवर टाकायला आजींची हरकत?

ए-१०३ (सूनबाई): विचारते.

सेक्रेटरी: तोवर एक सूचना. उद्या टाकी धुणार, १० ते १ पाणी नाही.

ए-१०३ (सूनबाई): विचारलं. हरकत नाही, पण खाली प्रमाण लिहायचं म्हणतायत, पूर्ण. आणि दोन प्रिंट हव्यात. एक गंभीर चेहऱ्याची, पुढेमागे हार घालायला. मी म्हटलं हसरी घ्या की. तर म्हणे, "भिंतीवरून हसत राहिले तर तुला वाटेल तुलाच हसतेय." दुसरी बोटवाली, बारा बाय अठरा, स्वयंपाकघरात लावायला.

खजिनदार: ज्येष्ठांच्या प्रिंटचे पैसे सोसायटी देईल. ए-३०४ ताई, यादी करा. हॅलोजन पुढच्या वर्षी बघू.

बी-५०२: यादीत माझंही नाव घाला. मोदकवाल्यातला एक. कुठला तो मी उद्या बघून सांगतो.