मदत हवी आहे : सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांचा घोळ

महापेकर : नमस्कार. इंग्रजी लिहिताना अफेक्ट-इफेक्ट, दोन्ही प्रिन्सिपल, दोन्ही स्टेशनरी अशा जोड्यांमध्ये माझा हमखास घोळ होतो. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे संगणक बहुतेक वेळा लाल रेघही ओढत नाही. जोड्यांची यादी रोज पाठ करते आहे, तरी लिहायला बसले की सगळे एकत्र होते. पुढच्या आठवड्यापर्यंत जमायला हवे. 'वाचन वाढवा' हा सल्ला कृपया देऊ नये.

घोडबंदर_रोड : परीक्षेसाठी हवे आहे की कामासाठी? परीक्षा असल्यास पर्याय निवडायचे आहेत की मजकूर लिहायचा आहे?

नौपाड्याचे_मास्तर : काहीही असो, क्लृप्तीला पर्याय नाही. मुख्याध्यापक या अर्थाच्या प्रिन्सिपलची शेवटची तीन अक्षरे पी-ए-एल आहेत. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर पाल आहे असे समजावे. तत्त्व या अर्थाचा शब्द एल-ई ने संपतो. कागद-पाकिटांच्या स्टेशनरीत 'ई', कारण एन्व्हलपची सुरुवात 'ई'ने होते. 'ए'ची स्टेशनरी म्हणजे जागेवर उभी असलेली गाडी.

वाशी_सेक्टर_१७ : मास्तर, पाल झकास आहे, पण कर्जाचे मुद्दलही पालवालेच असते, आणि ते काही शाळेत जात नाही. मूळ दुखणे त्या यादीतच आहे. सारखे शब्द एकाच वेळी शेजारी ठेवून शिकले की ते एकमेकांत गुंततात, म्हणून शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन हेही असे शब्द वेगवेगळ्या वेळी शिकावेत असे सांगतात. महापेकर, यादी बंद करा. या आठवड्यात फक्त अफेक्ट, म्हणजे परिणाम करणे, घ्या आणि ते क्रियापद म्हणूनच वापरा : 'द मेगाब्लॉक अफेक्टेड अटेंडन्स'. ते हाताला बसले की मगच इफेक्टकडे, म्हणजे परिणाम या नामाकडे, वळा.

नौपाड्याचे_मास्तर : इफेक्टसुद्धा क्रियापद होते. 'टु इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. अर्धवट नियम शिकवू नयेत.

वाशी_सेक्टर_१७ : होते, पण कार्यालयीन पत्रात ते कितीदा लागते? अपवाद आधी शिकवल्यामुळेच मुले नियम विसरतात.

कळव्याचा_वाचक : खरे तर उच्चार सुधारणे अधिक गरजेचे आहे. वेन्सडेमधला पहिला 'डी' आपल्याकडे अजून उच्चारला जातो. शिवाय मोल्सवर्थ आणि कँडी यांचा 1847 सालचा इंग्रजी-मराठी कोश अवश्य चाळावा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. संस्था 1893 पासूनची आहे.

घोडबंदर_रोड : काका, त्यांनी लेखनाबद्दल विचारले आहे. महापेकर, परीक्षा की काम?

महापेकर : क्षमस्व, सांगायचे राहिले. परीक्षा नाही. आमचा ग्राहक लंडनचा आहे आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांची पत्रे मी लिहिणार आहे. कालच्या मसुद्यात प्रॅक्टिस 'सी'ने लिहिले होते, ते वरिष्ठांनी 'एस'ने दुरुस्त केले. पूर्वीच्या अमेरिकी ग्राहकाला मात्र 'सी' चालत असे.

घोडबंदर_रोड : हे पहिल्यांदाच सांगितले असते तर अर्धा धागा वाचला असता. ब्रिटिश लेखनात नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने. अमेरिकेत प्रॅक्टिसला दोन्हीकडे 'सी'. अडल्यास ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ आठवा, तिथे हा फरक कानालाही कळतो. आता संगणकावरच्या शब्दतपासणीची भाषा अमेरिकी आहे का तेही बघा, नाहीतर बरोबर लिहिलेल्या ब्रिटिश शब्दांखाली रेघा येतील.

महापेकर : अमेरिकीच होती, बदलली. आता फक्त अफेक्ट घेते. मास्तर, पाल मात्र ठेवून घेतली आहे.