अनुभव धागा: आपल्या गल्लीतली परमिट रूम

आमच्या रास्ता पेठेतल्या परमिट रूमचं आता लाउंज होणार म्हणतात. ऐकल्यापासून चैन नाही. सहा टेबलं, कडा उडालेला सनमायका, बसल्याबरोबर न मागता खारे शेंगदाणे. गाणी नाहीत, त्यामुळे समोरच्याचं नीट ऐकू येतं. १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय पिणं बेकायदा, त्यातूनच हे 'परमिट रूम' नाव आलं. तुमच्या जागेबद्दल लिहा.

खडकीकर: बाबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. कायद्याने बिअरला वय २१, कडक दारूला २५, हे त्यांनी काटेकोर पाळलं. मला २५ पूर्ण झाली त्या आठवड्यात स्वतः घेऊन गेले. वेटरमामांनी बाबांची साठ मिली, अर्धा सोडा अर्धं पाणी, न विचारता ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे धाकटे ना? बँकेच्या परीक्षेवाले?" घरी बाबा दिवसाला चार वाक्यं बोलायचे. माझ्या परीक्षेबद्दल ते तिथे बोलत होते, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा २०१९ला गेले. मी अजून त्याच टेबलावर बसतो.

मुळाकाठची: आम्ही दोघी मैत्रिणी महिन्यातून एकदा फॅमिली रूममध्ये बसतो. पहिल्या दिवशी पोटात गोळा होता. बाहेरचा एकजण सारखा वळून बघत होता. वेटरने काही न बोलता मधला पडदा ओढला आणि म्हणाला, "ताई, निवांत बसा." पबच्या दारात मला आधी चपलांपासून जोखतात. इथे कधीच नाही.

दापोडी: आमची २०१७च्या १ एप्रिलला बंद झाली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. पुढे शहरी हद्दीला सूट मिळाली, शटर उघडलं, पण गावी गेलेले निम्मे वेटर परतलेच नाहीत. त्यातल्या एकाला माझा मसाला पापड कांद्याशिवाय लागतो हे पाठ होतं.

नाना पेठ: नोकरी गेली तेव्हा रोज जायला लागलो. पंधराएक दिवसांनी मालक अण्णांनी तिसरा पेग दिलाच नाही. समोर अंडाभुर्जी आणि दोन पाव ठेवले. "दादा, आधी जेवा." मी चिडलो, आवाज चढवला. ते शांतपणे गल्ल्यावरून उठले, बाहेर जाऊन रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला माझा पत्ता सांगितला. आता फक्त शनिवारी जातो. भुर्जी आधी येते.