तिबोटी खंड्या बघायचाय, पण घरट्याला त्रास न देता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकचे, त्यामुळे आमचं पक्षी बघणं म्हणजे हिवाळ्यात नांदूरमधमेश्वर नाहीतर गंगापूर धरण. बदकं, करकोचे, फ्लेमिंगो बऱ्यापैकी ओळखता येतात, पण पावसाळी जंगलातल्या पक्ष्यांचा अनुभव अजिबात नाही. बाबांची फार वर्षांची इच्छा आहे तिबोटी खंड्या बघायची, यंदा काहीही करून न्यायचंच असं ठरवलंय.

वाचून एवढं कळलंय की चिमणीपेक्षाही लहान असतो, वजन जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास, आणि खंड्या असला तरी मासे त्याच्या खाण्यात फारसे नसतात, नाकतोडे, कोळी, खंडोबाचे किडे, छोटे बेडूक, सापसुरळ्या असलं खातो. पहिल्या पावसाच्या सुमाराला कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीत आडवं बीळ खणून अंडी घालतो, नर-मादी दोघंही उबवतात, पिल्लांना भरवतात.

आता खरी अडचण. एका होमस्टेवाल्यांना फोन केला तर म्हणाले, घरट्यासमोर पाच-सहा फुटांवर बसवतो, फोटोची गॅरंटी. मला ते अजिबात पटलं नाही. समोर माणसं बसलेली असली की आई-बाप चोचीत भक्ष्य धरून फांदीवरच थांबणार, आणि बिळात पिल्लं उपाशी. असा फोटो आम्हाला नकोच, लांबून दुर्बिणीतून दोन मिनिटं दिसला तरी बाबा खूश होतील.

तर विचारायचंय ते असं, की घरटं सोडून नुसता ओढ्याकाठी शांत बसलं तर दिसायची शक्यता कितपत असते? जून की जुलै? कर्नाळा बरं की चिपळूणकडे जावं? कर्नाळा आम्हाला कसारा घाट उतरून भिवंडी-पनवेलवरून सोयीचं पडतं, पण बाबांचे गुडघे दुखतात, निसरड्या चढणीवर नेता येणार नाही, सपाट वाट कुठे आहे ते प्लीज सांगा. आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात कुणाला दिसलाय का? दिसला असेल तर जागा इथे उघड लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घरट्यापासून लांब ठेवणारा, नीट माहिती असलेला स्थानिक गाईड माहीत असेल तर तेही व्यनितच कळवा, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. मेअखेरीस सुट्टी टाकायची आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.